उशिराने वाढणारे मूल आणि आजी-आजोबांचा धीर



ज्या घरात मूल इतरांप्रमाणे वेळेवर बसत नाही, चालत नाही, बोलत नाही, किंवा हाक मारली असता मान वळवीत नाही, त्या घरातील आईबापांनी काय करावे ह्याविषयी पुष्कळ सांगण्यात येते. परंतु त्याच घरात बहुधा आजी असते, आजोबा असतात. मूल दिवसाचा मोठा भाग त्यांच्याच नजरेखाली घालविते. तरी त्यांच्यासाठी वेगळे असे फारसे कोणी लिहीत नाही. यास्तव आजी-आजोबांचे काम कोणते, ते कसे करावे, आणि त्यात मायेची चूक कोठे होते, ह्यांचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे.

पाठाचे तात्पर्य आरंभीच सांगतो. अशा मुलास शिकण्यास अधिक वेळ लागतो. आणि घरात तो वेळ देणारे कोणी असेल तर ते आजी-आजोबाच होत. परंतु वेळ देणे म्हणजे मुलाचे सर्व काम आपण करणे नव्हे. मुलाने ते स्वतः करीपर्यंत थांबणे, हे त्याचे खरे रूप होय.

१. हे कोणाच्या दोषाचे फळ नव्हे

मुलाच्या मेंदूची वाढ निराळ्या रीतीने झाल्यामुळे चालणे, बोलणे, समजणे किंवा इतरांत मिसळणे ह्यांत जी अडचण लहानपणीच दिसू लागते, तिला विकासात्मक अक्षमता म्हणतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम ही तिची ठळक उदाहरणे. हा ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे, की औषध दिले आणि गेला. म्हणूनच 'पूर्ण बरे करून देतो' असे सांगून पैसे मागणाऱ्यापासून सावध असावे.

अशी मुले थोडी आहेत असेही नाही. भारतातील पाच ठिकाणी, ज्यांत उत्तर गोवा हे एक होते, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करण्यात आली. तिचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. ऐकण्या-पाहण्यातील दोष आणि अपस्मार हेही धरून, सुमारे आठांतील एका मुलास मेंदूच्या किंवा इंद्रियांच्या वाढीसंबंधी काही ना काही अडचण आहे, असे तीत आढळले. तात्पर्य, ज्या घरास वाटते की हे संकट आपल्यावरच आले, त्याच्या शेजारच्या आळीतही असे घर असण्याचा संभव आहे.

कारणे अनेक असतात. जन्मसमयी मेंदूस प्राणवायू न मिळणे, फार अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मानंतर वाढलेली तीव्र कावीळ, गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा जन्मजात दोष, ही त्यांतील काही होत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशीत एकविसाव्या गुणसूत्राची एक अधिक प्रत असते, हे १९५९ साली फ्रान्समध्ये उघड झाले. पुष्कळ वेळा तपासण्या करूनही कारण सापडत नाही. परंतु ग्रहणात सुरी हाती धरली, सुनेने डोहाळे पुरविले नाहीत, किंवा ती नोकरीस गेली म्हणून असे झाले, ह्यांतील एकही गोष्ट खरी नाही.

मातेस दोष देण्याची खोड आपल्याच घरांत आहे असे नव्हे. स्वमग्नतेचे वर्णन अमेरिकेत १९४३ साली प्रथम प्रसिद्ध झाले, आणि पुढे कित्येक वर्षे तेथील विद्वानही म्हणत की आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले. बर्नार्ड रिमलँड नामक मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून ह्या मतास आव्हान दिले, आणि आज ते मत पूर्णपणे टाकून देण्यात आले आहे. विद्वानांनी जे टाकले ते सासूने उचलून धरू नये. घरात 'हे तुझ्यामुळे' हा शब्द एकदा उच्चारला की सुनेचे अर्धे बळ त्याच दिवशी जाते, आणि ते बळ मुलाच्या कामी यावयाचे असते.

२. 'ह्याचा बापही उशिराच बोलला'

मुलाची वाढ मागे आहे हे पुष्कळदा आईच्या लक्षात प्रथम येते, आणि तिचे समाधान आजी करते. 'ह्याचा बापही चार वर्षांनी बोलला, आपल्या घराण्यातच असे आहे,' हे वाक्य किती घरांत ऐकू येते! आजीचा हेतू चांगलाच असतो. परंतु ह्या एका वाक्याने कधी वर्ष, कधी दोन वर्षे निघून जातात. पहिल्या काही वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते, त्यामुळे त्या काळात मिळालेल्या शिकवणीचा लाभ अधिक. त्या काळात फुकट गेलेली वर्षे पुढे भरून काढणे फार कष्टाचे होते.

यास्तव पुढील खुणा आजी-आजोबांनी ध्यानात ठेवाव्या. नऊ महिने झाले तरी मूल आधारावाचून बसत नाही. दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही, किंवा हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही. दोन वर्षांचे झाले तरी 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही. येत असलेले शब्द एकाएकी विसरते. नजरेस नजर देत नाही. ह्यांतील एकही खूण दिसल्यास बालरोगतज्ज्ञास दाखवावे. मूल बोलत नसेल तर प्रथम कानांची तपासणी करून घ्यावी, कारण ज्यास ऐकू येत नाही ते बोलणार कसे? तपासणीत काही निघाले नाही तर उत्तमच. दाखविण्यात काहीच हरत नाही.

गावी राहणाऱ्यांनी आपली अंगणवाडी ध्यानात ठेवावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाप्रमाणे वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा व सरकारी शाळेत एक वेळ येऊन मुले तपासावयाची असतात. वाढीतील उशीर हा त्या तपासणीचाच एक भाग आहे. पथक येण्याच्या दिवशी नातवास लपवून ठेवू नये. त्याच दिवशी त्यास पुढे न्यावे.

३. आठवड्याचा हिशेब

आता ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या बाजूची घरे डोळ्यांपुढे आणावी. बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. तेव्हापासून ह्या गावांचे जीवन रेल्वेच्या वेळापत्रकास बांधले गेले. आज डोंबिवलीतील कित्येक आईबाप सकाळी लोकलने मुंबईस जातात आणि दिवे लागल्यावर परततात. उपचाराचा खर्च भागविण्यासाठी दोघांचेही मिळवणे भाग असते. अशा वेळी मुरबाड, शहापूर किंवा त्याहूनही दूरच्या गावाहून आजीस बोलावून घेतात. आजी आपले अंगण सोडून तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत येते, आणि नातवास उपचारकेंद्रात नेण्याआणण्याचे काम तिच्यावर पडते.

उपचार म्हणजे येथे गोळ्या नव्हेत, तर पद्धतशीर शिकवण. भौतिकोपचार करणारे स्नायूंचा ताठपणा, तोल व चालणे ह्यांवर काम करतात. व्यवसायोपचार करणारे जेवणे, कपडे घालणे, हातांचा उपयोग, तसेच आवाज किंवा स्पर्श असह्य होणे ह्यांकडे पाहतात. वाचोपचार करणारे समजणे, बोलणे व गिळणे शिकवितात. विशेष शिक्षक अभ्यास व रोजचे व्यवहार शिकवितात.

ही शिकवण किती वेळ मिळते? समजा, आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येक वेळी पाऊण तास. म्हणजे दीड तास. मूल रोज दहा तास झोपते असे धरले, तर आठवड्यात ते ९८ तास जागे असते. ९८ तासांतील दीड तास केंद्राचा. उरलेले साडेशहाण्णव तास घराचे. केंद्रात चमचा धरावयास शिकविले, आणि घरी साती दिवस आजीने भरविले, तर त्या शिकवणीचे काय होईल ते सांगावयास नको. खरा उपचार घरात होतो. केंद्र त्याची रीत दाखविते.

घरातील माणसे हे करू शकतात काय, अशी शंका कोणी घेईल. गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ह्याविषयी एक प्रयोग झाला, आणि त्याचा वृत्तांत २०१६ साली एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तेथे तज्ज्ञ डॉक्टर घरोघर गेले नाहीत. साध्या आरोग्यसेवकांस शिक्षण देण्यात आले, आणि त्यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांस बारा बैठकांत मार्ग दाखविला. आई आणि मूल खेळत असता चित्रफीत घ्यावयाची, मग ती आईसह पाहावयाची, आणि मुलाच्या बारीक खुणेस आईने कोठे बरोबर प्रतिसाद दिला ते तिला दाखवावयाचे. एवढीच ती रीत. तिच्या योगाने पालक मुलाच्या कलाने वागू लागले, आणि मुले आपण होऊन अधिक वेळा त्यांच्याकडे वळू लागली. आईस जे साधले ते आजीस साधणार नाही असे नाही. मात्र तिला कोणी शिकविले पाहिजे, आणि तिने शिकले पाहिजे.

४. हात आखडता घेण्याची माया

आजीचा हात चपळ असतो. तिने चार मुले वाढविली. नातवाचा सदरा अडकला की तिचा हात आपोआप पुढे होतो. घास सांडला की ती पुसते, आणि पुढचा घास स्वतः भरविते. इतर मुलांच्या बाबतीत हे खपून जाते, कारण ती मुले आजीस ढकलून 'मी करणार' म्हणतात. हे मूल तसे म्हणत नाही. ते गप्प बसते, आणि दुसरे कोणी करील अशी वाट पाहावयास शिकते. माया त्यास अशा रीतीने परावलंबी करते.

ह्यावर उपाय असा की काम लहान लहान पायऱ्यांत वाटावे आणि शेवटची पायरी मुलास द्यावी. उदाहरणार्थ, विजार घालावयाची असता आजीने ती गुडघ्यांच्या वरपर्यंत चढवावी आणि शेवटचे ओढणे मुलाकडून करून घ्यावे. काम पुरे झाले ते त्याच्या हातून, म्हणून आनंदही त्याचा. ते जमले की आजीने गुडघ्यांच्या खाली थांबावे, मग घोट्यांपाशी, मग विजार केवळ पुढे धरावी. ह्यास आठवडे लागतील, कदाचित महिने लागतील. परंतु ज्या दिवशी मूल स्वतः विजार चढविते, तो दिवस त्याच्या पुढच्या सर्व आयुष्याचा असतो.

बोलण्याच्या बाबतीतही हेच. मूल फडताळाकडे पाहते आणि आजी लगेच लाडू काढून देते. मग त्यास मागण्याचे कारणच उरत नाही. तसे न करता एका हातात केळे, एका हातात लाडू धरावा, 'केळे हवे की लाडू?' असे विचारावे, आणि मनात दहा अंक मोजावे. हे दहा अंक आजीस फार लांब वाटतील. मूल नजरेने, बोटाने किंवा एखाद्या अर्धवट आवाजाने जे सांगेल ते सांगणे मानून वस्तू द्यावी, आणि तिचे नाव स्पष्ट उच्चारावे. 'आधी नीट बोल, मग देईन' असा हट्ट धरू नये. त्याने मूल बोलत तर नाहीच, उलट मागणेही सोडते. रोजचे ठरलेले बडबडगीत म्हणता म्हणता शेवटच्या शब्दापूर्वी थांबावे. कित्येक मुले तो शब्द स्वतः पुरा करावयाचा प्रयत्न करतात.

आजीच्या घरकामात उपचारास लागणारे साहित्य पुष्कळ आहे. कणीक मळणे व गोळे करणे ह्यांनी बोटांत बळ येते. पालेभाजी निवडणे, वाट्या लहानमोठ्या क्रमाने मांडणे, चमचे एकीकडे व वाट्या एकीकडे ठेवणे, कुंडीस तांब्याने पाणी घालणे, वाळलेल्या कपड्यांतून आपला सदरा शोधणे, ह्या सर्वांत हात, डोळा व बुद्धी एकत्र काम करतात. अशा कामात मूल घरास उपयोगीही पडते, आणि ही भावना कोणत्याही खेळण्याने मिळत नाही. दिवसाचा क्रम चित्रे काढून भिंतीवर लावावा: दात घासणे, न्याहारी, केंद्र, जेवण, झोप. पुढे काय होणार हे दिसले म्हणजे स्वमग्न मुलाचा आकांत पुष्कळ वेळा कमी होतो.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्या. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलास आडवे निजवून किंवा मान मागे टाकून भरवू नये. अन्न श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. त्यास सरळ बसवून, मान किंचित पुढे ठेवून, लहान घास द्यावा, आणि गिळल्यावाचून दुसरा देऊ नये. अपस्माराचे औषध डॉक्टरांस विचारल्यावाचून एक दिवसही बंद करू नये. ताठ स्नायू जोराने ओढून 'सरळ' करू नयेत. तेल लावावयाचे तर प्रेमाने लावावे. परंतु तेलाने मेंदूचा दोष जातो असे मानू नये.

५. घरात एक नियम

समजा, वाचोपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले की जेवताना मोबाईल दाखवू नये. आई तसे करते. दुपारी आजी मोबाईल लावून देते, कारण त्यावाचून मूल जेवत नाही आणि तिचा जीव कळवळतो. रात्री आई रागावते. आजी म्हणते, 'मी काय त्याची वैरीण आहे?' मूल मात्र एवढेच शिकते की रडले की नियम मोडतो. अशा प्रसंगी दोघींचाही हेतू चांगला असतो. वाईट ठरते ते दोन नियम असणे.

ह्यावर उपाय कठीण नाहीत. पहिला, महिन्यातून एकदा तरी आजीने उपचाराच्या खोलीत बसू देण्याची विनंती करावी आणि 'हे मला करून दाखवा' असे म्हणावे. बाहेरच्या बाकावर बसून राहिल्याने काही कळत नाही. दुसरा, एक वही ठेवावी. ह्या आठवड्यात घरी काय करावयाचे ते तीत लिहून घ्यावे, आणि मुलाने काय केले ते रोज एका ओळीत नोंदवावे. आजीस लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि थोरल्या नातवंडाने लिहावे. तिसरा, सून नियम सांगत असता सासूने तो सर्वांसमक्ष मोडू नये. मतभेद असेल तर मूल निजल्यावर बोलावे. आणि सुनेनेही ध्यानात ठेवावे की सासूबाई दिवसभर त्या मुलाबरोबर असतात. त्यांचे निरीक्षण वहीत लिहिण्याजोगे असते.

घरात दुसरे नातवंड असेल तर त्याच्याकडेही पाहावे. सगळ्यांचे लक्ष एकाकडेच गेले की दुसरे मूल मुकाट्याने मोठे होते. त्यास रोज घटकाभर आजोबांचे स्वतंत्र लक्ष मिळाले तर ते पुढे भावंडाचा आधार होते.

६. कागदपत्रांचे काम

आईबापांस कामावरून सुटी मिळत नाही. आजोबांपाशी दिवस असतो. म्हणून कचेऱ्यांचे काम त्यांनी अंगावर घ्यावे. प्रथम सरकारी रुग्णालयातून अक्षमतेचे प्रमाणपत्र व त्याबरोबर दिले जाणारे ओळखपत्र, ज्यास यू.डी.आय.डी. कार्ड म्हणतात, ते मिळवावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारच्या अक्षमता गणल्या आहेत, आणि ४० टक्के किंवा अधिक अक्षमता असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षास एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो, आणि चालू उपचारांचा खर्चही काही मर्यादेपर्यंत तीत धरला जातो. बौद्धिक अक्षमतेमुळे सोबत्यावाचून प्रवास न करू शकणाऱ्यास रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के व मासिक पासात ५० टक्के सवलत आहे, आणि सोबत्यासही तितकीच आहे. मुंबईच्या लोकलला दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो. डोंबिवलीच्या गर्दीत नातवास घेऊन निघणाऱ्या आजीस त्याचे मोल कळेल.

ह्या भागात संस्थाही आहेत. ठाणे महानगरपालिकेची 'जिद्द' ही विशेष मुलांची शाळा आहे. डोंबिवलीत 'क्षितिज' व 'अस्तित्व' ह्या संस्थांनी हे काम केले आहे. बदलापुरातील 'आधार' ही प्रौढ झालेल्या अशा व्यक्तींसाठी पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली निवासी संस्था आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था मनाच्या आरोग्यासाठी काम करते. घरातील वडीलधाऱ्यांचे मन थकले असेल तर तेथे जाण्यात कमीपणा नाही. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ साली होरमसजी व जेरबानू वकील ह्या दांपत्याने सुरू केली, कारण त्यांची कन्या जय हिला डाउन सिंड्रोम होता आणि तिच्यासाठी शाळाच नव्हती. एका घराच्या गरजेतून किती मुलांची सोय होते, हे त्यावरून दिसते.

७. 'आमच्यामागे ह्याचे कसे?'

हा प्रश्न प्रत्येक आजीच्या मनात असतो. ती तो मोठ्याने विचारीत नाही. तो टाळू नये. आजी-आजोबा मुलाच्या आधी जाणार, हा सृष्टीचा क्रम आहे. ज्या मुलास केवळ आजीच्याच हातून जेवावयाची सवय, त्याच्यावर आजी गेल्यावर एकाच दिवशी दोन संकटे येतात: माणूस जाते आणि भूकही भागत नाही. त्यास ती कोठे गेली हे सांगता येत नाही, आणि तो कशासाठी रडतो हे इतरांस कळत नाही. म्हणून 'माझ्यावाचून तो कोणाकडे राहत नाही' ही अभिमानाची गोष्ट मानू नये. आठवड्यातून काही जेवणे बापाने, काकूने, शेजारच्या ताईने द्यावी. मुलास पुष्कळ हातांची ओळख असावी, आणि सर्वांत अधिक आपल्या स्वतःच्या हातांची.

कायद्याचीही एक बाजू आहे. मूल १८ वर्षांचे झाले की आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकारी असलेल्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. आजोबांनी नातवाच्या नावे जमीन किंवा ठेव ठेवावयाचे योजिले असेल तर वकिलास विचारून, हे सर्व ध्यानात घेऊन लिहून ठेवावे. नुसता शब्द टाकून जाऊ नये.

आणि आजी-आजोबांनी आपल्या शरीराची मर्यादाही ओळखावी. वाढत्या मुलास उचलून जिने चढणे साठीनंतर कमरेस सोसत नाही. उचलण्याची योग्य रीत भौतिकोपचार करणाऱ्यांकडून शिकून घ्यावी, आणि जमत नसेल तेव्हा 'आज जमत नाही' असे सांगावे. लेकाने व सुनेने ते तक्रार म्हणून ऐकू नये. आजीसही दुपारची झोप हवी, गावी जाऊन यावेसे वाटते, चार बायकांत बसावेसे वाटते. थकलेल्या माणसास थांबता येत नाही. ते घाईने घास भरविते. म्हणून आजीची विश्रांती हाही मुलाच्या उपचाराचाच भाग समजावा.

शेवटी गावकऱ्यांस एक शब्द. अशा मुलास 'खुळा', 'वेडा' म्हणून हाक मारू नये. त्यास नाव आहे. आजी त्यास घेऊन लग्नकार्यास, सभेस, बाजारास आली तर जागा द्यावी, आणि ते ओरडले तर माना वळवून पाहत राहू नये. ज्या आजीस चार माणसांत नातवास आणता येत नाही ती त्यास घरात कोंडते, आणि कोंडलेले मूल चार माणसांत वागावयास कोठे शिकणार? घरात आजी जो धीर धरते, तितकाच गावाने धरला, तर तिचे निम्मे ओझे हलके होईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मूल उशिराने वाढत आहे हे कोणत्या खुणांवरून ओळखावे? आपल्या गावात वैद्यकीय पथक अंगणवाडीत केव्हा येते, ते विचारून ठेवा.

२. आठवड्यातील किती तास केंद्राचे व किती घराचे? ह्या हिशेबावरून आजीचे काम कोणते ठरते?

३. विजार घालणे, हात धुणे, ताट उचलून ठेवणे ह्यांतील एका कामाच्या पायऱ्या पाडा. मुलास प्रथम कोणती पायरी द्याल, व का?

४. सासू व सून ह्यांचे नियम वेगळे असल्यास मूल काय शिकते? एक नियम ठेवण्याचे कोणते उपाय सांगितले आहेत?

५. 'माझ्यावाचून तो कोणाकडे राहत नाही' ह्या वाक्यात मुलाचे हित आहे की अहित?

६. आपल्या गावी असे मूल असलेल्या घरी पुढील महिन्यात कोण जाईल, आणि आजीस घटकाभर विसावा मिळावा म्हणून काय करील?